परबकाकींचं दार

मी काय काम करतो असं कोणी विचारलं तर मी सांगतो, "घरातले दिवे, पंखे, पंप आपोआप चालू-बंद होतील अशी सोय करून देतो." समोरचा माणूस जरा विचार करतो आणि विचारतो, "म्हणजे वायरमन?" मी हो म्हणतो. एखाद्या खऱ्या वायरमनने हे ऐकलं तर तो रागावेल, कारण भिंत खणून पाइप टाकणं मला आजही जमत नाही.

मी या विषयात शिकलेला माणूस नाही. कॉटन ग्रीनला एका ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या ऑफिसात मी उमेदीची सगळी वर्षं ट्रकांच्या नोंदी करण्यात घालवली. गोदाम भिवंडीकडे गेलं आणि आम्हा जुन्या कारकुनांना घरी बसावं लागलं. तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. माझी बायको सुजाता महापालिकेच्या शाळेत शिकवते. ती सकाळी डबा भरून निघायची आणि मी गॅलरीतून तिला जाताना बघायचो. दिवसभर आपण कुणाच्या तरी घरात फुकट राहतोय असं वाटायचं. सुजाता याबद्दल एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटे.

आमची चाळ पाडून तिच्या जागी बावीस मजली इमारत झाली आहे. चाळीतल्या आम्हा सगळ्यांना तिथेच घरं मिळाली. इमारतीत पाणी ठरलेल्या वेळी येतं, म्हणून प्रत्येकाने स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकी बसवली आहे. ती भरली की नळ बंद करणं एवढंच माझ्याकडे काम होतं आणि तेही मी विसरायचो. पाणी माळ्यावरून ओट्यावर, ओट्यावरून पिठाच्या डब्यात. दोनदा असं झाल्यावर मी मोबाइलवर व्हिडिओ बघून पाण्याचा भोंगा बनवला. टाकीत दोन तारा सोडायच्या. पाणी त्यांना टेकलं की त्यातून अगदी किंचित वीज वाहते आणि तेवढ्यावर भोंगा वाजतो. मला तो वाजवायला तीन आठवडे लागले. वाजला तेव्हा मी सुजाताला हात धरून स्वयंपाकघरात नेलं.

ती म्हणाली, "अहो, छान आहे. पण आता हा वाजल्यावर उठून नळ तुम्हीच बंद करणार ना?"

हा माझ्या पहिल्या कामावरचा पहिला अभिप्राय. मग नळाऐवजी पाइपवर विजेची झडप बसवायची असं ठरवलं, आणि त्यासाठी शिकणं आलं.

शिकताना मी किती वस्तू जाळल्या ते सांगत नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाला म्हणालो, "एक रेझिस्टर द्या."

"कितीचा?"

"साधाच द्या."

तो हसला नाही. मागे रांगेत उभी असलेली कॉलेजची मुलं मात्र हसली. घरी येऊन मी त्या दिवशी एक छोटा लाल दिवा थेट बॅटरीला जोडला. तो क्षणभर फार सुंदर पेटला आणि वास सोडून कायमचा विझला. रेझिस्टर कशासाठी असतो हे मला तेव्हा कळलं. नळाची चावी अर्धीच फिरवून धार बारीक करतो ना, तसा तो विजेची धार बारीक करतो.

कोडिंगची भीती जास्त होती. पण त्यातलं मुख्य वाक्य मला ओळखीचं निघालं. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. ट्रकाकडे गेटपास असेल तर सोडा, नाहीतर बाजूला लावा. हे मी आयुष्यभर करत आलो होतो. फरक इतकाच की ट्रकवाल्याला मी "बरं, जा आता, उद्या आणून दे" असं म्हणू शकायचो. यंत्र तसं म्हणत नाही. तुम्ही जे लिहिलंय तेच ते करतं, तुमच्या मनात काय होतं ते त्याला माहीत नसतं.

नवख्याला यात सगळ्यात जास्त फसवणारी वस्तू म्हणजे रिले. आपला प्रोग्रॅम ज्या छोट्या बोर्डात भरतात त्याच्यात पंखा फिरवायची ताकद नसते. साहेब जागेवर बसून मान हलवतो आणि शिपाई उठून जड फाटक ढकलतो, तसं असतं. बोर्ड मान हलवतो, रिले फाटक ढकलतो. पण बाजारातले बरेचसे रिले उलट्या स्वभावाचे असतात. बोर्डाने वीज दिली की ते बंद होतात आणि वीज काढली की चालू. हे माहीत नसताना मी गिरगावात एका कुटुंबाकडे काम केलं. त्यांच्याकडे वीज गेली. ती परत आली तेव्हा बोर्ड जागा होऊन सावरेपर्यंत सगळे रिले चालू. दिवे लागले, तिन्ही पंखे फिरले आणि ओट्यावरचा मिक्सर चटणीसकट सुरू झाला. झाकण लावलेलं नव्हतं. त्या घरच्या आजोबांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "तुम्ही या आणि भिंत बघा." मी गेलो, भिंत बघितली, पुसलीसुद्धा.

दादरला एक निवृत्त प्राध्यापक होते. देवघरातला दिवा संध्याकाळी आपोआप लागावा अशी त्यांची इच्छा. मी छोटा पिवळा दिवा बसवून दिला. आठवड्याने त्यांच्या पत्नीचा फोन आला. "तो दिवा बंद करता येईल का? म्हणजे ह्यांना कळणार नाही असा."

"का, काकू? बिघडला?"

"बिघडेल कशाला? मी पदर सावरून काडेपेटी घेऊन जाते तर हा आधीच लागलेला. मग मी तिथे करायचं काय?"

मी वेळ बदलून दिवा अर्धा तास उशिरा लागेल असं केलं. बाई आधी समई लावतात, मग मागून आपला दिवा लागतो. प्राध्यापकांना वाटलं की यंत्राला घड्याळ नीट कळत नाही. त्यांनी माझी तक्रार चार ठिकाणी केली. मी ती चालवून घेतली.

अशा गोष्टी मी हसत सांगतो. आता जी सांगणार आहे तिच्यावर मला हसता येत नाही, म्हणून ती सांगायचं टाळत होतो. सुजाता म्हणते, "तुम्हाला स्वतःला दोषी धरायची हौसच आहे." असेल. पण या प्रकरणात हौसेचा प्रश्न नव्हता.

परबकाकी चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. त्यांचा मुलगा उमेश आणि मी एका वर्गात. माझी आई लवकर गेली. त्यानंतर कित्येक वर्षं माझं दुपारचं जेवण काकींकडे होत असे. नव्या इमारतीत त्या चौदाव्या मजल्यावर, आम्ही नवव्या. काका वारल्यावर त्या एकट्याच राहिल्या. उमेश मस्कतला नोकरी करतो. एकदा त्याचा फोन आला.

"मिल्या, तू ते सेन्सर-बिन्सर लावतोस ना? आईच्या दाराला लाव रे एक."

"कशाला?"

"अरे, दिवसभर दार सताड उघडं टाकून बसते. आता ती चाळ राहिली का? लिफ्टमधून कोण चढतो, कोण उतरतो. कुरियरवाले, फूड डिलिव्हरीवाले. मी इथून काय बघणार?"

मला पटलं. खरं सांगायचं तर मला काम आवडलं. दाराचा सेन्सर ही फार सोपी आणि सुबक वस्तू असते. चौकटीला एक नळकांडं, दाराला एक लोहचुंबक. दार लागलं की चुंबक जवळ येतं, दार उघडलं की लांब जातं. जर दार पाच मिनिटांपेक्षा जास्त उघडं असेल तर उमेशच्या फोनवर लाल खूण आणि संदेश. नाहीतर हिरवी खूण. अशी दिवसभराची एक पट्टी तयार व्हायची आणि दार जरासं उघडलं तरी तिच्यात बारीक रेघ उमटायची. उमेशने एवढंच मागितलं होतं. मी माझ्याकडून त्यात एक भोंगा घातला. दार उघडं राहिलं की तो घरात वाजत राहायचा. हे मी प्रेमाने केलं. काम एवढ्यावरच संपलं तर फार साधं दिसेल असंही मनात होतं.

मी स्टुलावर चढून काम करत असताना काकी खुर्चीत बसून बघत होत्या. त्या मालवणीत बोलायच्या, माझ्याशीसुद्धा.

"काय रे मिलिंदा, ह्यां काय चिकटवतंस?"

"दार उघडं राहिलं की हा तुम्हाला आठवण करणार, काकी."

"दार उघडा ऱ्हवलां तर काय होतला? कोण काय नेतलो? माका नेतलो?"

"उमेशला काळजी वाटते."

तेवढ्यात भोंगा वाजला. काकी दचकल्या. मी दार लोटलं, भोंगा गप्प झाला. दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच घरात ह्यो माका सांगतलो दार लाव म्हणान."

मी हसलो. तो विनोद नव्हता हे मला कळायला हवं होतं.

पहिल्या आठवड्यात उमेशच्या फोनवर लाल खुणाच खुणा. दुसऱ्यात कमी. महिन्याभरात दिवसचे दिवस हिरवे. उमेशने लिहिलं, "जबरदस्त काम केलंस." तळमजल्यावरच्या विहाराच्या हॉलमध्ये मी दर शनिवारी दुपारी नवशिक्यांचा वर्ग घेतो. रिटायर झालेले, गृहिणी, शिकायची इच्छा असलेलं कोणीही येतं. त्या वर्गात पडद्यावर मी काकींच्या दाराची ती हिरवी पट्टी उदाहरण म्हणून दाखवू लागलो. काकींना न विचारता. उमेशला मात्र विचारलं होतं.

त्या हिरव्या पट्टीच्या आत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. त्यासाठी आमच्या चाळीची एक रीत सांगायला हवी. चाळीत सकाळी दार उघडलं की रात्री निजताना लागायचं. कोणाकडे जायचं तर दार वाजवायची पद्धत नव्हती. बाहेरून "काकी आहात का?" म्हणायचं आणि म्हणता म्हणता आत शिरायचं. दिवसा एखादं दार बंद दिसलं तर त्याला अर्थ असे. घरात भांडण झालंय, किंवा बाळंतीण निजलीय, किंवा या घराला सध्या कोणी नको आहे. तिथे कोणी जायचं नाही, ही समज लहान पोरांनाही होती. बंद दारापुढे आम्ही आवाज खाली करून चालायचो.

नव्या इमारतीत प्रत्येक दाराला बेल आहे. ती वाजवतात कुरियरवाले आणि बाहेरचे. आमच्यापैकी कोणी दुसऱ्याची बेल वाजवून आत जाणं अजून शिकलेलंच नाही. काकींच्या मजल्यावर तिघी-चौघींनी दारं उघडी ठेवून ती जुनी ये-जा चालू ठेवली होती. समोरच्या राणेवहिनी जाता-येता काकींकडे डोकावत, ताटलीत काहीबाही ठेवून जात. हळूहळू काकींचं दार बंद दिसू लागलं. राणेवहिनींना वाटलं, आपलं काही चुकलं असेल. त्यांनी वाट बघितली. आतमध्ये काकीही वाट बघत होत्या. भोंगा नको म्हणून दार लावलेलं, आणि दार लावल्यावर हल्ली कोणी येत का नाही हे त्यांना कळेना. दोन्हीकडच्या बायका एकमेकींवर रुसून, मधे माझं लोहचुंबक.

राणेवहिनी मला लिफ्टमध्ये एकदा म्हणाल्या होत्या, "मिलिंदभाऊ, काकी हल्ली कोणात मिसळत नाहीत हो." मी म्हणालो, "वय झालं वहिनी." मग लिफ्ट नवव्यावर थांबली आणि मी उतरलो.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी वर्गात नेहमीप्रमाणे ती पट्टी लावली. काल संध्याकाळपासून आतापर्यंत अखंड हिरवी. मी म्हणालो, "बघा, किती स्वच्छ डेटा आहे."

शिंदेबाई म्हणून एक विद्यार्थिनी आहेत, त्या शिलाईचं काम करतात. त्यांनी विचारलं, "सर, या बाई पूजा करतात का?"

"करतात. का?"

"मग सकाळी फुलपुडी घ्यायला दार उघडलं नाही त्यांनी?"

मी पट्टीकडे बघितलं. सकाळच्या जागीही हिरवंच होतं, एकही रेघ नव्हती. दार उघडलंच नव्हतं. यंत्र सांगत होतं, सगळं ठीक आहे.

मी लिफ्टकडे गेलो, शिंदेबाई आणि वर्गातले दोघे माझ्या मागे. चौदाव्या मजल्यावर काकींच्या कडीला फुलपुडी तशीच लटकत होती. मी बेल वाजवली, हाका मारल्या. राणेवहिनी बाहेर आल्या. "किल्ली कोणाकडे आहे?" मी विचारलं. किल्ली कोणाकडेच नव्हती. चाळीत किल्लीची गरजच नव्हती, म्हणून इथेही ती शेजारी ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. राणेभाऊंनी आणि वर्गातल्या दोघांनी मिळून दार तोडलं. लॅच तुटून माझ्या पायावर पडलं.

काकी न्हाणीघराच्या उंबऱ्यात आडव्या पडल्या होत्या. सकाळी आंघोळीला जाताना पाय घसरला होता. खुबा मोडलेला. शुद्ध होती. ओठ कोरडे पडले होते. मला बघून म्हणाल्या, "दार मोडलंस काय रे?"

"काकी, हाक का नाही मारलीत?"

"मारल्यो रे हाका. दार बंद असताना खंय आयकाक येतला?"

त्या मला काहीच लागट बोलल्या नाहीत. रुग्णवाहिका येईपर्यंत राणेवहिनी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि चमच्याने पाणी पाजत राहिल्या. मी स्टूल घेऊन भोंगा काढला. त्या वेळी त्याची काहीच घाई नव्हती, पण दुसरं काही करायला मला सुचलं नाही.

परळच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. उमेश आला. मी त्याला इस्पितळाच्या बाहेर चहाच्या टपरीवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, मीच सांगितलं होतं ना तुला."

"भोंगा तू सांगितला नव्हतास."

तो म्हणाला, "ते सोड आता. ती एकटी राहू शकत नाही, एवढं नक्की. नेरळच्या बाजूला एक चांगला वृद्धाश्रम बघितलाय मी. नर्स असते चोवीस तास."

काकींना हे त्याने वॉर्डमध्येच सांगितलं. त्यांनी नर्सबद्दल, जेवणाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, "माका माझ्या घरात ने. मग तुका व्हया तां कर." पुढचे दोन दिवस त्या उमेशशी बोलल्या नाहीत, माझ्याशीही नाही. मला तेव्हा स्पष्ट कळलं की काकी घरी राहतात की नेरळला जातात हे आता अर्धंअधिक माझ्या हातात आहे, आणि माझ्या हातांवर विश्वास ठेवायला मी स्वतःच तयार नव्हतो.

काकींना घरी आणलं त्या दिवशी मजल्यावरचे सगळे त्यांच्या खोलीत जमले. राणेवहिनी रडत म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, काकींना आता आम्ही नकोशा झालो."

काकी म्हणाल्या, "माका वाटला तुमका मी नको."

"मग विचारायचंत ना!"

"तू खंय इचारलंस?"

दोघी हसल्या. उमेश मधे उभा होता. तो म्हणाला, "हे आज ठीक आहे. रोज कोण बघणार? मिल्या, तूच सांग."

मी म्हणालो, "एक महिना दे."

या वेळी मी स्टूल आणण्याआधी काकींसमोर बसलो आणि त्यांना विचारलं. दार दिवसा उघडंच राहील, हे त्यांनी सांगितलं. उलट, दिवसा दार बंद राहिलं तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं. संदेश मस्कतला नाही, आधी मजल्यावर जायचा. राणेवहिनींकडे आणि आणखी तीन घरी. "दुपारी मी निजतंय, तेव्हा नको," काकी म्हणाल्या. तेही लिहिलं. भोंगा नाही. किल्ली राणेवहिनींकडे. प्रोग्रॅममध्ये मी फार काही बदललं नाही. आधी जिथे 'उघडं' लिहिलं होतं तिथे 'बंद' आलं. शिंदेबाईंनी तो माझ्यासोबत बसून तपासला. उमेश परत गेला. सगळे संदेश मागाहून त्यालाही दिसत होते.

पहिले काही दिवस शांततेत गेले. मग संदेश येऊ लागले. सकाळी, कधी संध्याकाळी, दार बंद. चारही घरच्या बायका हातातलं काम टाकून धावायच्या आणि काकी खुर्चीत सुखरूप. दोन दिवसांनी पुन्हा. मग रोज. उमेशचा फोन आला. "मिल्या, हे काय? पुन्हा बिघडलं? रोजचे खोटे अलार्म. उद्या खरंच काही झालं आणि लोक आलेच नाहीत तर? महिना संपत आलाय. मी नेरळवाल्यांना काय सांगू?"

त्याचं चूक नव्हतं. आमच्या कामातला हा पहिला धडा आहे. फुकट ओरडणाऱ्या यंत्राकडे लोक लक्ष देईनासे होतात.

मी सकाळी पिशवी घेऊन गेलो. चुंबक बदललं, तारा बदलल्या, बोर्ड बदलला. वारा दार ओढत असेल म्हणून बिजागऱ्या बघितल्या. कशातच दोष नव्हता. मी खाली बसून लॅपटॉपवर कोड पुन्हा वाचत होतो. माझं लक्ष आहे की नाही याची पर्वा न करता काकी उठल्या, वॉकर धरून हळूहळू दारापर्यंत गेल्या, आणि दार लोटलं. लॅचचा आवाज झाला. मग परत येऊन खुर्चीत बसल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागल्या.

"काकी, दार का लावलंत?"

"गप ऱ्हव मा जरा."

पाच मिनिटं झाली. समोर फोन वाजल्याचा आवाज आला, मग चप्पल, मग किल्ली. राणेवहिनी आत आल्या. "काकी, काय झालं?"

"काय्येक नाय. ये. चाय ठेव. ह्यो मिलिंद इलोसा."

मागोमाग बाकीच्या तिघी आल्या. एकीच्या हाताला कणीक होती. कोणीही रागावलं नाही. एकीने भांडं काढलं, एकीने चटई अंथरली. मी राणेवहिनींना स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणालो, "वहिनी, काकी मुद्दाम लावतात दार."

त्या आलं किसत होत्या. म्हणाल्या, "माहीत्येय हो भाऊ."

"मग तुम्ही रोज धावत का येता?"

"आणि एखाद्या दिवशी खरंच असलं तर?" त्यांनी गॅस मोठा केला. "शिवाय दार बंद दिसलं की आपण लांब राहायचं, हे एकदा केलंय ना आम्ही."

मी बाहेर येऊन काकींना म्हणालो, "काकी, नुसती हाक मारली तरी येतील ना या."

"हाक मारूक काय तरी काम असूक व्हया," त्या म्हणाल्या. "नुसती बसूक ये म्हणान कोणाक कशी हाक मारू? ह्यां बरां. आपलां आपण बोलावता."

उमेशचा संदेश आला होता. *सापडला का फॉल्ट?* मी बराच वेळ काय लिहावं याचा विचार केला. खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं दोन ओळींत मावत नव्हतं. शेवटी मी त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता फोन खोलीकडे वळवला. काकी बशीतून चहा पीत होत्या. राणेवहिनी लिफ्टमधल्या कोणाची तरी नक्कल करत होत्या आणि बाकीच्या हसत होत्या. फोनमध्ये उमेशने आधी "मिल्या, अरे" असं काहीतरी सुरू केलं आणि मग तो थांबला.

"दार उघडं आहे," तो म्हणाला.

"हो."

"असू दे," तो म्हणाला. "जरा आईजवळ धर फोन."